चौथ्या गिअरवरचा हात

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय. आवडीनं वाचते, पण जेवणानंतर बडीशेप खावी तसं... विश्वास म्हणाल तर कधीच नव्हता. मी लॅब टेक्निशियन आहे. रोज लोकांचं रक्त काढते, मशीनला लावते आणि जो आकडा येईल तो लिहून देते. आकडा आवडला नाही म्हणून पेशंट चिडतात, कुणी रडतं, पण आकडा बदलत नाही. शंका आलीच तर तोच नमुना परत लावायचा. परत तेच आलं तर ते खरं. एवढंच माझं शास्त्र. म्हणून हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण जे सांगणार आहे ते मी तपासून पाहिलंय, आणि दर वेळी रिपोर्ट तोच आलाय.

आमचं घर बारामती तालुक्यात, सांगवीला. ढोबळी मिरची आणि काकडीची शेती. माझी नोकरी मात्र पार वालचंदनगरला, एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये. उपाशीपोटी रक्त द्यायला माणसं सकाळी लवकर येऊन बसतात, त्यामुळे मला त्यांच्याही आधी पोचावं लागतं. सांगवीहून बारामती, मग भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन (हे गावाचंच नाव)... एसटीनं जायचं तर बारामतीच्या स्टँडवर गाडी बदलण्यातच सकाळ जाते. म्हणजे सरळ आहे – गाडी आहे तर नोकरी आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं होतं.

गाडी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी घेतलेली सेकंडहँड, छोटी, पांढरी गाडी. कंपनीचं नाव लिहीत नाही. गाडीचा बिचारीचा काही दोष नाही.

सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. त्यांनी उभा जन्म टेम्पोतून भाजी मार्केटला नेली. मला नोकरी लागली तेव्हा घरात प्रश्न पडला, ही रोज जाणार कशी? आमचे हे, म्हणजे संदीप, म्हणाले, "बघू काहीतरी." नवऱ्याच्या 'बघू'चा अर्थ लग्न झालेल्या बायकांना सांगायला नको. आबा मात्र ताटावरून उठता उठता म्हणाले, "त्यात बघायचं काय? मी शिकवतो तिला गाडी."

आणि शिकवली. मी चालवणार, आबा डाव्या सीटवर. गावाला करमणूक झाली. पारावरची माणसं विचारायची, "आबा, सुनंचं क्लीनर झालात व्हय?" आबा खिडकीतून सांगायचे, "व्हय. आन् पगार बी न्हाय."

त्यांची एक सवय होती. गाडी चौथ्या गिअरला पडली, की त्यांचा उजवा हात गिअरच्या दांडीवर यायचा आणि तिथंच राहायचा. नुसता ठेवलेला नाही, तर किंचित पुढं रेटलेला. चौथा गिअर मागं असतो आणि तिसरा पुढं. काही आडवं आलंच तर फटकन तिसऱ्यात टाकता यावं, म्हणून ही तयारी. म्हणायचे, "पोरी, रस्ता मोकळा दिसतो तवाच काहीतरी आडवं येतंय."

सुरुवातीला त्या हाताचा केवढा आधार वाटायचा मला. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर समोरून डुलत येताना बघितले की मी स्टेअरिंग घट्ट धरायचे, पण तो हात तिथं आहे म्हटलं की धीर यायचा. पुढं लायसन्स आलं. आबा तरीही रोज यायचे, वालचंदनगरपर्यंत. मला दवाखान्यात सोडून टपरीवर चहा प्यायचे आणि एसटीनं घरी परत. हात दांडीवर तसाच. गिअर बदलायला गेले की माझा हात त्यांच्या हातावर पडायचा, मी ओशाळायचे, ते क्षणभर हात उचलायचे आणि परत ठेवायचे. मग मला त्याचा त्रास व्हायला लागला, खरं सांगते. मला गाडी येत होती. चांगली येत होती. पण तो हात असेपर्यंत मी शिकाऊच होते.

पण सून सासऱ्याला "हात काढा" कसं म्हणणार? आमच्याकडं अजून सासऱ्यांसमोर खुर्चीत बसायचं तर बाई आधी इकडंतिकडं बघते. मी संदीपना म्हटलं, तुम्ही सांगा. ते हसले. "तुझा मास्तर हाय, तूच सांग." मी सांगितलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आणि मग आबा गेले. सकाळी ओट्यावर चहाची कपबशी हातात घेऊन बसले होते, तसेच कलंडले. दवाखान्यात न्यायला मीच गाडी काढली, पण काही उपयोग नव्हता हे मला त्यांची नाडी बघतानाच कळलं होतं.

दहाव्याला नीरेच्या काठावर पिंडाला कावळा शिवेना. भावकीतल्या एकेकानं पुढं होऊन कबुल्या दिल्या... रान सांभाळू, आईला अंतर देणार नाही, सगळं. कावळे लांबून बघत बसले. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. सासूबाईंच्या मनाला ते फार लागलं. मी म्हणाले, आई, रोज कुणाचं ना कुणाचं दहावं असतं इथं, कावळ्यांची पोटं भरली असतील. यावर मी घरात सगळ्यांची बोलणी खाल्ली.

मी परत कामावर जायला लागले आणि त्याच आठवड्यात गाडीत आवाज यायला लागला.

दाणे संपलेलं जातं नुसतंच फिरवलं की जी घरघर येते, तशी घरघर. फक्त चौथ्या गिअरला. तिसऱ्यात नाही, पाचव्यात नाही. भवानीनगर मागं पडलं आणि सरळ रस्त्याला गाडी चौथ्यात टाकली की थोड्या वेळानं सुरू व्हायची.

बारामतीत इंदापूर रस्त्याला हणमंत मिस्त्रींचं गॅरेज आहे. आबांच्या टेम्पोपासूनचे आमचे मिस्त्री. माणूस कामाला चोख, पण तोंडाचा तिखट आणि स्वतःच्या कानाचा भारी अभिमान. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला लावून मूठ कानाला टेकवतात आणि डोळे मिटतात. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून ऐकलं, मग मला क्लच दाबायला आणि सोडायला लावला. म्हणाले, "क्लच सोडल्यावर आवाज असता तर गिअरबॉक्सचं बेअरिंग. दाबल्यावर असता तर क्लचचं बेअरिंग. हितं दोन्ही न्हाय." मग स्वतः चक्कर मारून आले, मी शेजारी. आवाज नाही. मग मी चालवली, ते शेजारी. आवाज नाही. मला म्हणाले, "वहिनी, कान तपासून घ्या. तुमच्याकडं फुकटात हुईल."

दुसऱ्याच दिवशी बेलवाडीच्या अलीकडं, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं असताना, गिअर आपोआप निसटला. दांडी चौथ्यातून पुढं येऊन मधेच उभी राहिली. गाडी मोकळी, इंजिन नुसतंच ओरडतंय, मागून ट्रक हॉर्न मारतोय... कशीबशी कडेला घेतली.

आता मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला. आत गिअर सरकवायला दोन बोटांचा एक लोखंडी चिमटा असतो, त्याला फोर्क म्हणतात. तो त्यांनी माझ्या हातात दिला. एका बाजूनं नवा असल्यासारखा, दुसऱ्या बाजूनं घासून पातळ झालेला.

"वहिनी, तुमी गिअरवर हात ठिवून गाडी चालवताय," मिस्त्री म्हणाले. "चौथ्यात गाडी आन् दांडी पुढं रेटलेली. दुसऱ्या कशानं ह्यो फोर्क असा झिजत न्हाय."

मी म्हटलं, मी ठेवत नाही. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात. मी म्हटलं, आबा ठेवायचे, त्यांच्या वेळचं असेल. त्यांनी मान हलवली. "आबा असतानाच हितं सगळं खोलून बघितलं हुतं मी, क्लच बदलताना. तवा फोर्क चांगला हुता. ही झीज ताजी हाय." नवीन फोर्क बसवला आणि वर मला बजावलं, "हात स्टेअरिंगवर."

मी इतकी चिडले होते की पुढचे काही आठवडे दोन्ही हात स्टेअरिंगवर चिकटवल्यासारखे ठेवून चालवली. आणि ऊसतोड जोरात असतानाच घरघर परत आली.

आता माझ्यातली टेक्निशियन जागी झाली. म्हटलं, नमुना परत लावू. संदीपना डाव्या सीटवर बसवून नेलं – आवाज नाही. लॅबमधल्या मैत्रिणीला जंक्शनपर्यंत सोडलं – ती होती तोवर आवाज नाही, ती उतरली आणि चौथा टाकला की आला. सीटवर ढोबळी मिरचीचा भरलेला क्रेट ठेवला, म्हटलं वजनानं काही फरक पडत असेल. तरी आवाज आलाच. मग पुन्हा संदीपना बसवलं. नाही. माणूस शेजारी असेल तर गाडी गप्प. मी एकटी असेन तर घरघर. हे कळलं तेव्हा सणसरच्या रस्त्यावर सकाळचं स्वच्छ ऊन होतं, शाळेची मुलं सायकलवरून चालली होती, आणि मला डावीकडं मान वळवून बघायची हिंमत झाली नाही. भीती वाटली, सरळ सांगते.

मी हणमंत मिस्त्रींना गाठलं. म्हटलं, मागच्या सीटवर बसा आणि माझे हात बघत राहा. ते कुरकुरत बसले. गाव सुटलं, चौथा टाकला, थोडं अंतर गेलं आणि घरघर सुरू झाली.

मिस्त्री दोन्ही सीटच्या मधून पुढं वाकले. माझे हात बघितले, दोन्ही स्टेअरिंगवर. मग गिअरची दांडी बघितली. ती बारीक थरथरत होती आणि पुढच्या बाजूला ताणलेली होती. डोळ्यांना दिसेल इतकी. त्यांनी हात लांब करून दांडीच्या मुठीवर ठेवला. मला आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. काही सेकंद त्यांनी हात तसाच ठेवला आणि मग सावकाश मागं घेतला.

"वहिनी, गाडी कडंला घ्या," ते म्हणाले.

मी घेतली. त्यांनी स्वतःचा तळहात उलटासुलटा करून बघितला. शेवटी म्हणाले, "माझ्या हाताखाली हात हुता."

मी विचारलं, म्हणजे? थंड वगैरे? ते चिडले. "थंड न्हाय. माणसाचा हात असतो तसा. घट्टे पडल्याला." आणि खाली उतरून मागून येणाऱ्या जीपला हात करून निघून गेले. गॅरेजपर्यंतसुद्धा माझ्या गाडीत बसले नाहीत.

त्यांनी मला आधी न सांगता संदीपना फोन केला. काय बोलले ते मला कळलं नाही, पण संध्याकाळी संदीप म्हणाले, "वर्षा, गाडी विकायची."

"आणि नोकरी?"

"त्या रस्त्याला गिअर निसटला आन् ट्रॉलीखाली गेलीस तर नोकरीचं काय करू मी?" ते म्हणाले. "आबा गेलं. आता तू बी..." माणूस चूक बोलत असेल तर भांडता येतं. रविवारी कऱ्हाटीचा एकजण गाडी बघायला येणार, असं ठरलं.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्यांचा जीव गाडीत अडाकलाय." भावकीतल्या बायकांचं मात्र लिंबू बांधू, नारळ फोडू, देवऋष्याला विचारू, सगळं सुचवून झालं. मी नाही म्हटलं. म्हणजे विश्वास नाही म्हणून नव्हे. आबांवर नारळ कसा फोडायचा? ज्या माणसानं मला रस्त्यावर आणलं त्याला लिंबू दाखवून घालवायचं?

रविवारच्या आधी एकच कामाचा दिवस उरला होता. सकाळी निघाले. बारामती ओलांडली, भवानीनगर गेलं. पुढं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या चालल्या होत्या, रस्ता अडवून. मी चौथ्यात, त्यांच्या मागं. आवाज सुरू झाला. उसाच्या मोळ्यांची टोकं डोळ्यांसमोर हलत होती, आणि डाव्या बाजूला न बघताही मला कळत होतं की मी एकटी नाही.

मी म्हटलं, "आबा."

आवाज तसाच.

"आबा, हात काढा."

तोंडातून शब्द निघून गेले. जिवंत असताना ज्यांच्यापुढं मी कधी मोठ्यानं बोलले नाही, त्यांना मी हे सांगत होते. पण आता थांबले असते तर परत कधीच जमलं नसतं. म्हणून बोलत राहिले. म्हटलं, "तुम्ही शिकवलंत तसंच चालवते मी. अंतर ठेवते. आरसा बघते. आता येतं मला, आबा. पण तुमचा हात असला की गिअर निसटतो. हे गाडी विकायला निघालेत. गाडी गेली की मी घरी बसणार. तुम्हाला चालेल का ते?"

मी रडत होते, पण आवाज खणखणीत निघत होता. अजून आठवलं की नवल वाटतं.

घरघर एकदम थांबली नाही. हळूहळू कमी झाली. मग दांडी जराशी हलली, मागं आली, आपल्या जागी बसली. बस. गाडीत फक्त इंजिनचा आवाज राहिला आणि उघड्या खिडकीतून उसाचा वास.

समोरचा रस्ता मोकळा दिसत होता. मी आणखी थोडं थांबले, ट्रॉल्यांच्या बाजूनं परत एकदा नीट बघितलं, मग तिसऱ्यात टाकून पुढं काढली. पुढं गेल्यावर परत चौथा. शांत. लासुर्ण्याला कडेला गाडी लावली आणि मोठ्यानं रडले. आबा गेले तेव्हा दवाखान्यात, घरात, नदीवर, कुठंच मी एवढी रडले नव्हते. तेव्हा सगळं करायचं होतं, आणि ते मीच करत होते. आज मात्र मीच त्यांना हात काढायला लावला होता, आणि त्यांनी काढला होता. एका शब्दानं. तो शब्द मी ते असताना बोलले असते तरी त्यांनी काढला असता, हे मला तेव्हा कळलं.

रविवारी कऱ्हाटीचे पाहुणे आले. मी संदीपना म्हटलं, आधी माझ्या मागच्या सीटवर बसा, डावी सीट रिकामी ठेवा आणि पार लासुर्ण्यापर्यंत चला. पाहुण्यांना चहावर चहा देऊन दोन तास ओट्यावर बसवलं आणि आम्ही जाऊन आलो. संदीप सगळा रस्ता कान देऊन बसले होते. परत आल्यावर त्यांनी पाहुण्यांची माफी मागितली, पिशवीभर मिरची दिली आणि वाटेला लावलं.

या गोष्टीला बरेच महिने झाले. पुढचा ऊसही आता तुटायला आलाय. हणमंत मिस्त्रींनी मधे स्वतःहून गाडी मागून घेतली आणि गिअरबॉक्स उतरवून बघितला. तो दुसरा फोर्क पहिल्यासारखाच एका बाजूनं थोडा झिजला होता, पण झीज तिथंच थांबली होती. इंजिन ज्यावर बसवतात ते माउंटिंग सैल असेल, फोर्कचा माल हलका असेल, असं काहीबाही ते बोलले. मी विचारलं, मग शेजारी माणूस बसल्यावर माउंटिंग घट्ट होतं का? त्यावर त्यांनी स्क्रूड्रायव्हर पुसायला घेतला. त्यांच्या हाताखाली काय होतं याविषयी ते परत कधी बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. याला मनाचा खेळ म्हणणारेही मला भेटलेत. असेल. पण लोखंड मनानं झिजत नाही. यापलीकडं माझ्याकडं उत्तर नाही, आणि इथं कुणाकडं असेल तर मला खरंच ऐकायचंय.

त्या रविवारी रात्रीची जेवणं झाल्यावर सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. आबा गेल्यापासून त्या फारशा बोलत नव्हत्या. बराच वेळ पदराचं टोक चाळवत राहिल्या. मग विचारलं, "तू त्यास्नी काय म्हणालीस गं, नेमकं?"

मी सगळं सांगितलं. शब्दन् शब्द.

"हात काढा म्हणालीस."

"हो."

"उतरा न्हाय ना म्हणालीस?"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, जमिनीकडं बघत होत्या.

"नाही, आई," मी म्हणाले. "उतरा असं मी म्हटलं नाही."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि उठून झोपायला गेल्या.